तांबोबाचा रुसवा

पेट्रोलात शिसं घालायचे, त्या काळी तांबोबा नावाचा लाल ट्रॅक्टर सगळं शिवार नांगरायचा. पुढे बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि तो छपराखाली रुसून बसला.

"शिसं नसेल तर माझे व्हॉल्व्ह झिजतील. मला जुनंच हवं," तो म्हणायचा. दसऱ्याला झेंडूची माळ घातली तरी गुरगुरायचा नाही. जुन्या दिवसांसाठी त्याचा जीव तुटायचा. तेव्हा मालकाची लहानगी लेक रेवू त्याच्या मागे मागे धावायची. एकदा आईनं तिच्या नाकावर पदर धरून तिला ओढून नेलं, ती पुन्हा फिरकलीच नाही.

"पोरीला माझा कंटाळा आला असेल," तो शेजारच्या जुन्या बैलगाडीला म्हणाला.

"कंटाळा कसला, वेड्या! तुझ्या धुरातलं शिसं लेकरांच्या अंगात भिनायचं. आईचा जीव थाऱ्यावर राहील का?"

तांबोबानं आपल्या काजळलेल्या धुराड्याकडे पाहिलं.

त्या वर्षी दसऱ्याला रेवू माहेरी आली, कडेवर लेक घेऊन. तिनं स्वतः नवं पेट्रोल ओतलं. "चल की रे तांबोबा, माझ्या सोनीला शिवार दाखव!"

जुना वास त्याला फार आठवला. व्हॉल्व्ह झिजले तर झिजू देत, असं म्हणत तो दोनदा खोकला आणि धडधडत सुरू झाला.

रेवूनं लेकीच्या नाकावर पदर धरला नाही.