मुकुटाखालची खाज

सांगा मंडळी, विश्वास कुणावर ठेवावा? फणीच्या शपथा वाहणाऱ्या टकल्यावर, की डोकं खाजवत फणी विकणाऱ्यावर? घाई नको. आधी गोष्ट ऐका.

एका राज्यात, जिथे सांजवेळी ढग छपरांवर विसाव्याला उतरत, हेमावती नावाची राणी होती. तिची लेक चंपिका. पोरीची स्वप्नं इतकी गोड, की उशाशी ठेवलेल्या कळ्या पहाटेपर्यंत उमलत. पण तिचं डोकं खाजू लागलं. झोप गेली, स्वप्नं गेली, कळ्या मिटल्या त्या मिटल्याच.

धूम्रजट मांत्रिक आला. "शाप आहे. पौर्णिमेपर्यंत उतरला नाही, तर राजकन्येची वेणी माझी."

राणीनं लेकीची वेणी मुठीत घट्ट धरली. ज्याची वेणी त्याच्या झोळीत जाई, त्याची स्वप्नंही कायमची तिथेच जात.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, शाप कसला? उवा आहेत!"

"राजघराण्यात उवा?"

"त्यांना घराणं कळत नाही. डोक्याला डोकं लागलं, की निघाल्या पलीकडच्या गावी. कानामागे पाहा, मानेवर पाहा. सहज झटकला जातो तो कोंडा, केसाला चिकटून राहते ती लीख."

राणीनं झटकून पाहिलं. हललं नाही.

"तीन कामं आहेत," साळुंकी म्हणाली. "आपल्या हातांनी करायची."

पहिलं काम, दाट दातांची फणी आणणं. चंदनवनातल्या झाडानं आपल्याच फांदीतून ती काढून दिली. दुसरं काम, केस तेलानं माखून बटेबटेनं मुळापासून टोकापर्यंत विंचरणं, आणि लिखा फुटतात म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. पांढऱ्या कापडावर ऊ पडली, की चंपिकेचं एक हरवलेलं स्वप्न दालनात परते. कधी हरीण, कधी निळी होडी.

तरी उवा सरेनात. कापड झटकावं, तर पुढच्या खेपेला पुन्हा भरलेलं.

पौर्णिमा उजाडली. दारात धूम्रजट कात्री घेऊन उभा.

"तिसरं काम सांग!" राणी कळवळली.

"लेक कुणाच्या कुशीत निजते?"

"माझ्या."

"मग आपलं डोकं कोण पाहणार?"

राणीचा हात मुकुटाकडे गेला. त्या राज्याची रीतच होती, की राणीनं मान झुकवायची नाही, मुकुट झोपेतही उतरवायचा नाही. मुकुटाखाली केसांचा आकडा घालून ती कित्येक दिवस गुपचूप खाजवत होती.

तिनं मुकुट उतरवला आणि डोकं लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"अगं बाई, आई! केवढाल्या!"

फणी फिरली. शाप खोटा ठरला, तशी धूम्रजटाची झोळी टरकन फाटली, पाखरांसारखी स्वप्नं उडाली, कळ्या उमलल्या. पडद्याआडून राजेसाहेब हळूच म्हणाले, "माझंही जरा पाहता का?"

मांत्रिक जटा खाजवत उभाच होता. साळुंकी म्हणाली, "बसा मांत्रिकबुवा, तुमचीही पाळी येईल."

पुढे कित्येक दिवस सारा राजवाडा पायऱ्यांवर बसून एकमेकांची डोकी विंचरत होता. कापड कोरं राहू लागलं, तेव्हाच फणी खाली ठेवली गेली.

तेव्हा मंडळी, एवढी विनंती ऐका. घरात फणी फिरेल तेव्हा हिशेब खरा ठेवा. लेकरांची डोकी मोजताना आपलं वगळू नका. आणि विश्वास ठेवायचाच, तर आधी स्वतःच्या डोक्यातून फणी फिरवणाऱ्यावर ठेवा.