झुंबरबाईची विझवलेली चूल

आमच्या खडीच्या वाडीतल्या चर्चला अजून घंटाही नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट.

वाडीत झुंबरबाई नावाची विधवा होती. तिचं काम आवतणं देण्याचं. कुणाकडे लग्न असो की बारसं, ती दारोदार जाऊन सांगे, "एकाचं आवतण," नाहीतर "चूलबंद." चूलबंद म्हणजे सगळं घर जेवायला या, आज चूल पेटवायची नाही. जन्मभर तिनं लोकांना पंगतीला बोलावलं. तिला मात्र कुणी बोलावलं नाही. पंगत उठली की मागच्या दारी उरलंसुरलं मिळे, आणि वर तिनं दुवा द्यावा अशी अपेक्षा!

एकदा उपदेशक रत्नाकरबुवा चावडीपुढे उभे राहून म्हणाले, "प्रभू येशूनं आपल्यासाठी जीव दिला. आता त्यानं मेज मांडलंय. या, त्याच्याबरोबर जेवा."

झुंबरबाईनं विचारलं, "बुवा, एकाचं की चूलबंद?"

बुवा हसले. "चूलबंद, बाई."

रविवारी तिनं चुलीत तांब्याभर पाणी ओतलं, आंधळ्या सासूचा हात धरला आणि चर्चची पायरी गाठली. दारात चर्चचे पंच सीमोनराव आडवे.

"बाप्तिस्म्याची प्रश्नोत्तरं पाठ आहेत? बाप्तिस्म्याशिवाय मेज नाही."

"नाही."

"मग पाठ कर. पुढच्या नाताळाला बघू."

आता हे सीमोनराव कोण? तर ज्यांच्या बापाला जन्मभर दुसऱ्यांच्या उंबऱ्याबाहेर उन्हात उभं केलं गेलं, ते! स्वतःचं दार मिळालं, आणि पहिलं काम काय केलं, तर त्याला कडी बसवली. बुवांनी आतून सगळं ऐकलं आणि मान खाली घातली. भल्या माणसांना ते फार छान जमतं.

झुंबरबाई पायरीवर बसली. चूलबंद आवतण घेतलं की यजमानाकडे जेवल्याशिवाय घरची चूल पेटवायची नसते, एवढं तिला पाठ होतं. सासू म्हणाली, "सूनबाई, यजमान चांगला दिसतोय गं, पण त्याचे वाढपी भारी तालेवार."

असं म्हणतात, की त्या दुपारी सीमोनरावांची चूल पेटेना. मग शेजारची. मग वाडीतली एकही. बाहेरून विस्तव आणावा, तर वाटेतच काळा पडे. तीन दिवस वाडीनं कच्चे दाणे चघळले. असं म्हणतात, की फुंकून फुंकून सीमोनरावांच्या मिशा राखेनं पांढऱ्या झाल्या, त्या पुन्हा काळ्या झाल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी बुवा बाहेर आले. "आवतण प्रभूचं, आणि दार लावून बसलो आम्ही. बाई, त्याचं आवतण तू घेतेस?"

"मग तीन दिवस काय करतेय मी इथं?" झुंबरबाई कडाडली. "त्याला द्यायला माझ्यापाशी काही नाही. त्यानं बोलावलं, मी आले."

बुवांनी पायरीवरच दोघींना बाप्तिस्मा दिला. आत जाताना झुंबरबाई दारात थांबली आणि सीमोनरावांना म्हणाली, "चला. चूलबंद आहे, तुम्हाला धरून."

मेजापाशी रविवारच्या शिळ्या भाकरीचा पहिला तुकडा तिनं तोंडात घातला, आणि असं म्हणतात, की वाडीतल्या प्रत्येक घरावर एकदम धूर दिसला.

आजही आमच्याकडे प्रभुभोजनाचा पहिला तुकडा वाडीत सर्वांत शेवटी आलेल्या माणसाला मिळतो. पंच आजही आधी खाकरतात आणि नाव, गाव, पाठांतर विचारायला लागतात. मग बायकांच्या बाजूनं एका सुरात आवाज येतो, "पंच, भाकर द्या!"