मिठाचं पाऊल

एका राज्यात जमीन थोडी होती आणि पाणी फार. राजाचा वाडा एका बेटावर, बाजार दुसऱ्यावर, स्मशान तिसऱ्यावर. नवरी सासरी जाई ती होडीतून, आणि मेलेला जाळायला नेत तोही होडीतूनच. अशा त्या राज्यात हरबा नावाचा एक नाखवा होता. नाखवा म्हणजे मचव्याचा धनी. मचवा तो केवढा! एक शीड, एक डोलकाठी, मधोमध मातीची चूल. तेवढ्याशा लाकडावर तिघांचा संसार चालायचा: हरबा, त्याची बायको येसू आणि तीन वर्षांची पोर पवळी. पवळीच्या कमरेला सुती दोरी, दोरीचं दुसरं टोक डोलकाठीला. दोरी पुरेल तेवढंच तिचं अंगण.

तीन वर्षांत त्या पोरीनं जमिनीला पाय एकदाच लावला होता, आणि त्या एकदाच्यात तिची दोन बोटं गेली होती. ते कसं झालं, ऐका.

त्या दर्यावर्दी लोकांत दोन रिती होत्या. बुडालेलं माणूस पाण्यावर दिसलं, तर ओळखीचं असो नसो, त्याला उचलून किनाऱ्याला न्यायचं. ही एक. आणि ज्या होडीत बाळंतीण आहे, त्या होडीत सव्वा महिना प्रेत घ्यायचं नाही. ही दुसरी. पवळी सोळा दिवसांची होती तेव्हा मचव्याच्या आडवं एक प्रेत आलं. तरुण पोरगा, अंगावर रेशमी बाराबंदी, छातीवर एक पांढरी कुरवी बसलेली. कुरवी म्हणजे समुद्रावरचं पाखरू.

हरबा म्हणाला, "येसू, काय करू?"

येसूनं पदराखालच्या जिवाकडे बघितलं. म्हणाली, "सोडा त्याला. मागून कोणीतरी येईल, ते उचलतील."

हरबानं सुकाणू वळवलं. मागून कोणी आलंच नाही.

तो पोरगा म्हणजे राजा उदयभानाचा एकुलता एक मुलगा रत्नभान. राणी मेघावती मंत्र जाणणारी. कुरवीनं वाड्यात जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा राणी समुद्राकडे तोंड करून उभी राहिली आणि बोलली, "ज्यांनी माझ्या लेकराला किनारा दिला नाही, त्यांच्या लेकराला किनारा मिळणार नाही. तिचं पाऊल मातीला लागेल, तर मिठाचं होईल." मग कुरवीकडे वळून म्हणाली, "आणि तू, अशी बातमी घेऊन आलीस. तुला घरटं मिळणार नाही."

येसूला शापाचं ठाऊक नव्हतं. पवळी चालायला लागली तेव्हा तिनं कौतुकानं तिला वाळूवर उतरवलं. डाव्या पायाची दोन बोटं टेकली आणि पांढरीफटक पडली. येसूनं झडप घालून उचललं, पण मागून लाट आली, आणि ती दोन बोटं पाण्यात साखर विरघळावी तशी विरघळून गेली. रक्त आलं नाही. पोर रडलीसुद्धा नाही, आपल्या पायाकडे नुसती बघत राहिली. ते बघणं येसूच्या उरात बसलं ते बसलंच.

मग बाजारातून शापाची सगळी हकीकत कळली, आणि तेव्हापासून मचवा किनाऱ्याला लागला नाही. हरबा एकटा पोहत जाई, तांदूळ आणि गोडं पाणी घेऊन येई. पण लाकडाला काय सांगणार? मचवा वर्षातून एकदा वाळूवर ओढावा लागतो, वाळवावा लागतो, तेल-राळ पाजावी लागते. नाहीतर किडा लाकूड खातो. ओढायचा तर पोरीला ठेवायचं कुठं? दुसऱ्या होडीवाल्यांना हात जोडले, ते म्हणाले, "शापाचं पोर आमच्या फळीवर नको." दोन वर्षं गेली. तळाला चाळणीसारखी भोकं पडली. येसू सकाळी पाणी उपसायची, दुपारी उपसायची. कापसाचे बोळे भोकांत कोंबायची. पुढचा पावसाळा मचवा बघणार नाही हे तिला कळत होतं. मचवा बुडाला की हरबा पोहेल, ती पोहेल. पोरीला घेऊन पोहायचं कुठं?

एका सकाळी तीच कुरवी डोलकाठीवर येऊन बसली. पिसं झडलेली, आवाज फाटलेला.

"कशा आहात? बुडालात की नाही अजून?"

येसूनं वल्हं उचललं. "मेले! तुझ्या चोचीमुळं हे दिवस आलेत."

"माझे कुठं चांगले आलेत? तीन वर्षं झाली, अंडी पाण्यात पडतात. ऐकणार असशील तर सांगते. नाहीतर उपस पाणी."

हरबा म्हणाला, "सांग."

"राजपुत्र अजून तसाच तरंगतो आहे. राणीनं शाप दिला तेव्हापासून त्याला माती नाही, आणि त्याला माती नाही तोवर तुमच्या पोरीलाही नाही. तो मेलेल्यांच्या ओघात आहे. तिथं जायचं तर तीन कामं. पहिलं, मचव्यावरचं गोडं पाणी सगळं ओतून द्यायचं. गोड्या पाण्याचा वास असलेली होडी त्या ओघात शिरत नाही. दुसरं, वाटेत सोन्याचं गलबत भेटेल, त्यातला तांब्याचा तुकडासुद्धा घ्यायचा नाही. तिसरं, राजपुत्राला उचलायचं."

"एवढंच?" हरबानं विचारलं.

"एवढंच," कुरवी म्हणाली, आणि मान फिरवून पिसं खाजवू लागली.

येसूनं पिंप आडवं केलं. पाणी सांडताना पवळी धावत आली, दोरीला हिसका बसून पडली, आणि ओल्या फळीला जीभ लावून चाटू लागली. येसूनं तिला ओढलं नाही. फळी कोरडी होईपर्यंत चाटू दिली. मग पिंप उलथं केलं.

पाण्याचा रंग बदलला. मचवा वाऱ्यावाचून चालू लागला.

दुपारी सोन्याचं गलबत आलं. त्यावर माणूस नव्हतं. रांजण फुटून मोहरा खाली ओघळत होत्या, माणकांचे ढीग उन्हात तापले होते. त्यातून आवाज यायचे: हरबाला त्याच्या बापाचा, येसूला तिच्या आईचा. दोघांनी कानांत बोळे घातले, तेच, भोकं बुजवायचे. पण पवळीच्या कानात घालायचं राहून गेलं. गलबत घासून पुढं गेलं, आणि येसू वळून बघते तो पोरीच्या मुठीत सोन्याचा खुळखुळा.

"दे बाई तो."

"माझा आहे."

"पवळे, दे."

"नाही! तू पाणी सांडलंस. हा मी नाही देणार."

मचव्याच्या तळातून पाण्याची चिळकांडी उडाली. एक, मग दुसरी. येसूनं पोरीची बोटं एकेक करून उघडली. पोर तिला चावली. मनगटातून रक्त आलं तरी तिनं हात काढला नाही. खुळखुळा पाण्यात गेला, चिळकांड्या थांबल्या. तान्हेली पोर रडून रडून निजली. पहाटे शिडाच्या कापडावर दंव साचलं, ते येसूनं पिळून तिच्या ओठांवर थेंब थेंब सोडलं. हरबानं आपला वाटा घेतला नाही. तिनंही घेतला नाही.

सूर्य वर आला तेव्हा ओघात माणसंच माणसं होती. म्हातारी, पोरं, कोळी, सैनिक, एका नवरीच्या हाताची हळद अजून पिवळी. सगळी डोळे मिटून हळूहळू एकाच दिशेला चाललेली. त्यांत रेशमी बाराबंदी ओळखू आली. हरबानं खांद्याला धरलं, येसूनं पायाला. राजपुत्र वजनाला लहान पोराएवढा भरला.

आणि मचवा थांबला. शीड भरलेलं, पण मचवा जागचा हलेना.

कुरवी काठीवरून म्हणाली, "जितकी माणसं घेऊन आत आलात, तितकीच घेऊन बाहेर जाल. जिती की मेली, हे पाणी बघत नाही. तिघं आलात. आता चौघं आहात."

हरबा तिच्याकडे बघत राहिला. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आला असतास?"

"आलो असतो," हरबा म्हणाला. कुरवीनं चोच पंखात खुपसली.

येसूनं पदर खोचला. "मी उतरते. 'सोडा त्याला' असं मी म्हणाले होते."

"तू म्हणालीस. सुकाणू माझ्या हातात होतं."

"बाळंतीण मी होते. रीत माझ्यापायी मोडली."

"येसू, भांडू नकोस. तिला जाग येईल." तो खाली बसला आणि शिडाची दोरी तिच्या हातात दिली. "मचवा डावीकडे ओढतो. सुकाणू जरा उजवीकडे धरून ठेव. चुलीजवळचं भोक मोठं आहे, तिथं आधी बघ."

इतक्यात पवळी कण्हली. येसू वाकली, तिचं डोकं मांडीवर घेतलं, परत वर बघितलं तर मचवा चालू लागला होता. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नव्हता. मागं त्या माणसांत एक पाठ दिसत होती, अजून कोरडी, उन्हात चमकणारी. मग तीही ओली झाली.

 येसूनं सुकाणू उजवीकडे धरलं.

राजाच्या बेटाशी ती पोचली तेव्हा तिन्हीसांज होत होती. राणी मेघावती कमरेइतक्या पाण्यात उभी होती. तीन वर्षं रोज ती तशी उभी राही. मचव्यात काय आहे ते तिनं बघितलं आणि काठाला हात टेकला.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"हो, आईसाहेब."

"शाप बोलून मागं घेता येत नाही. त्याला मातीवर ठेव, म्हणजे तुटेल."

राजा स्वतः पुढं आला. बापानं लेकाला वाळूवर निजवलं, आणि तीन वर्षं न सुकलेले त्याचे केस सुकले. पवळीला कोणी उतरवलं नाही. येसूचा हातच होईना. पोरीनं आपणच दोरीची गाठ सोडवली, काठावरून लोंबकळली आणि धपकन खाली आली. येसूनं डोळे मिटले.

"आई," खालून आवाज आला, "ही हलत नाही गं."

येसूनं डोळे उघडले. पाय पायासारखे होते. गेलेली दोन बोटं आली नव्हती. पोर दोन पावलं चालली आणि तिसऱ्याला पडली. जमीन आपल्याखाली डुलेल म्हणून ती अंग सावरत होती, आणि जमीन डुलत नव्हती. कुरवी खडकाच्या खोबणीत जाऊन बसली, पुटपुटली, "ओलं आहे, पण चालेल."

स्मशानबेटावर चिता पेटली. राजा म्हणाला, "बाई, काय पाहिजे ते माग."

"माझा माणूस."

"कुठं आहे तो?"

"तुमच्या लेकाच्या जागी."

 राणीनं अंगावरचा शालू काढून दासीकडे दिला, साधं लुगडं नेसली आणि म्हणाली, "मचवा ओढू नका. मला जायचं आहे."

येसू म्हणाली, "आईसाहेब, एकाच्या बदल्यात एक, हे कुठवर चालायचं?"

"तेच थांबवायला जाते. मंत्र शिकले तो दुसऱ्याच्या घरावर टाकला. आता त्या ओघाच्या मोजणीवर टाकते. पण तो बाहेरून लागत नाही, आत राहावं लागतं."

राजानं तिला अडवलं नाही. त्यानं पवळीचं बोट धरलं आणि वाळूवर तिला चालायला शिकवत बसला.

उजाडताच दोघी निघाल्या. राणी वाटभर करवंटीनं पाणी उपसत होती, हाताला फोड आले तरी. एकदाच तिनं विचारलं, "दूध किती दिवस प्यायली?"

"दोन वर्षं."

"माझा तीन," राणी म्हणाली, आणि पुन्हा उपसू लागली.

जाताना दोघी होत्या. येताना दोघं होती. हरबा फळीवर निजला होता, आणि येसूनं त्याच्या डोक्याखाली शिडाची घडी दिली होती. त्याचं अंग गार होतं. तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी भरती आली, आणि त्या राज्यातल्या साऱ्या बेटांच्या साऱ्या किनाऱ्यांना माणसं लागली. कोणी काल बुडालेलं, कोणी शंभर वर्षांमागचं. घराघरांतून लोक बाहेर आले. आया लेकरांना ओळखायला लागल्या, नातू आज्यांना ओळखायला लागले. हळदीच्या हाताची नवरी न्यायला एक म्हातारा काठी टेकत आला. सात दिवस स्मशानबेटावर धूर होता. सगळ्यांच्या शेवटी राणी आली, साध्या लुगड्यात, हाताला फोड. राजानं तिला दुसऱ्या कोणाला उचलू दिलं नाही.

मग राज्य पुन्हा रीतीनं चालू लागलं. राजानं दवंडी पिटवली की बुडालेल्याला प्रत्येक होडी उचलेल, होडीत एका दिवसाचं मूल असलं तरीही. येसूचा मचवा सोळा माणसांनी वाळूवर ओढला. उन्हात वाळला, तेल-राळ प्याला. पवळी त्याच्याभोवती लंगडत फिरायची आणि विचारायची, "आता हा कधी हलेल?"

"पावसाळा संपला की," येसू म्हणायची, आणि राळ लावत राहायची.