सुंद्राबाईची कढई

काही गोष्टी मला आता धड आठवत नाहीत. कढई एक होती की तीन, हे सांगताना मी अडखळतो. पण ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली तेही इथेच अडखळायचे. म्हणून ऐकली तशी सांगतो.

फार वर्षांपूर्वी खैरझरी गावावर बुळकांडी, म्हणजे ढोरांची साथ, आली. सकाळी चरायला गेलेली गाय संध्याकाळी आडवी. पंधरा दिवसांत शंभर ढोरं मेली. जमिनीखाली काळा कातळ, पुरायचं कुठं? जाळायला लाकूड नाही. लोकांनी ती ओढ्याकाठी टाकली. गिधाडंसुद्धा खाऊन खाऊन थकली, असं म्हणतात.

तो ओढा खाली सोनखेडीला जात होता. सोनखेडीत इथल्या सुंद्राबाई सुतारणीची लेक दिलेली, तिच्या दारात चार म्हशी. पहिला पूर आला की ही घाण रोगासकट लेकीच्या पाणवठ्यावर जाणार, हे सुंद्राबाईला दिसत होतं. तिचा नवरा हयातभर लाकडं सरसाने जोडत आला होता. कातडं आणि खूर उकळून सरस होतो, हे तिला माहीत होतं. तिने गुळाची कढई ओढ्याकाठी नेली, पदर खोचला आणि सुरी घेतली.

गाव हादरलं. सुताराची बाई मेल्या ढोराला हात लावते!

"काऊन वो, भूत लागलं काय तुले?" उकंडराव पाटील नाक दाबून ओरडला.

"लागलंच त तुमच्याच गाईचं लागन, पाटील. सरका, वारा अडते."

पाटलाच्या सांगण्यावरून गावाने तिला पाणी आणि विस्तव बंद केला. तिने ढोरांचीच चरबी चुलीत घातली, आणि ती चूल एकवीस दिवस विझली नाही, असं म्हणतात. रोग कढईत शिजून मेला. खाली उरला मधाच्या रंगाचा सरस. त्याच्या वड्या तिने बाजेवर वाळत घातल्या. हाडं कुटून शेतात टाकली.

लांबची ढोरं ओढून आणायला तिने आपला एकुलता बैल, कैऱ्या, जुंपला होता. रोगी मढ्याला जिता बैल जुंपू नये, हे घाईत तिला सुचलं नाही. विसाव्या दिवशी कैऱ्या बसला तो उठलाच नाही.

सगळं गाव काठावर जमलं. याला तरी ती पुरेल, असं प्रत्येकाला वाटलं. एका बैलापुरता कातळ फोडायला पाटील स्वतः कुदळ घेऊन आला.

सुंद्राबाईने कैऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला. "याले येगळं काढलं, त बाकीच्यायनं काय पाप केलं होतं?" म्हणाली, आणि सुरी उचलली.

मग पाटलाने कुदळ टाकली, खाली बसला आणि बैलाचा पाय धरला. ज्याने विस्तव बंद केला होता, त्याने!

पूर आला तेव्हा ओढ्याकाठी नुसती राख होती.

त्या वर्षी पोळ्याला गावात एकही बैल उरला नव्हता. सुंद्राबाईने सागाचा बैल घडवला आणि त्याचे पाय त्याच सरसाने सांधले. आजही खैरझरीत पोळ्याचं पहिलं तोरण लाकडी बैल ओलांडतो, खरे बैल त्याच्या मागून येतात. त्या सकाळी ओढ्याकाठी सरस तापवतात, आणि चूल पाटलांच्या घरचं माणूस पेटवतं.

लेकीचं गाव वाचलं, हे लोकांनी मागाहून जोडलं असावं, अशी मला कायम शंका होती. कितीतरी वर्षांनी जिल्ह्याच्या जुन्या दप्तरात त्या सालचा कागद हाती लागला. आजूबाजूच्या प्रत्येक गावापुढे मेलेल्या ढोरांचा आकडा होता. सोनखेडीपुढे दोनच शब्द होते: रोग नाही.