चार ओहमचा अँप

वडगोळ गावात फुलाबाई नावाची एक बाई गाड्यांत टेप आणि स्पीकर बसवायची. सगळे तिला टेपवाली अक्का म्हणत. नवऱ्यामागे तिने हा धंदा हिमतीने चालवला होता. गाळा ग्रामपंचायतीचा होता आणि तिचं पोट त्या गाळ्यावर होतं.

गावच्या जत्रेत सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघे. ज्याची गाडी जास्त दणाणेल त्याला मानाचा फेटा मिळे. उपसरपंच रणधीररावांना यंदा तो हवाच होता. ते गाडी आणि दोन मोठे वूफर, म्हणजे दणका देणारे स्पीकर, घेऊन आले. आवाज वाढवणारा अँप गाडीत आधीच होता.

"अक्का, दोन्ही ह्याच अँपला शेजारी-शेजारी जोडा. दणका बसला पायजे."

"अँप चार ओहमचा हाय, त्येच्या खाली त्येला झेपत न्हाई. हे वूफर बी चार-चारचं; तसं जोडलं तर दोघांचं मिळून दोनच ओहम उरतंय."

"मग बरंच की! चारापेक्षा दोनाचा भार कमी."

भल्याभल्यांचं इथेच चुकतं.

"उलटं हाय," अक्का म्हणाली. "ओहम म्हंजे अडवण. अडवण कमी, तर अँपवर ओढ जास्त. जळंल त्यो. एकामागं एक जोडते. आवाज जरा कमी यील, पर टिकंल."

"कमी आवाज घिऊन काय चाटायचाय? जोडा, न्हाईतर गाळा रिकामा करा."

अक्काने पकड आणि टेस्टर पिशवीत टाकले, शटर ओढलं आणि किल्ली रणधीररावांच्या हातावर ठेवली. समोरच्या चिंचेखाली पोतं अंथरून तिने तिथेच दुकान मांडलं. गाव हळहळलं, पण तोंड कुणी उघडलं नाही. गाव असंच असतं.

रणधीररावांनी दुसऱ्या फिटरकडून हवं तसं जोडून घेतलं. जत्रेत त्यांच्या गाडीने घरांची कौलं हलवली. पण देऊळ यायच्या आतच धूर निघाला, अँप जळाला आणि गाडी मुकी झाली. फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी रणधीरराव नवा अँप आणि गाळ्याची किल्ली घेऊन चिंचेखाली आले. अक्काने दोन्ही वूफर एकामागे एक जोडून दिले. किल्लीला मात्र तिने हात लावला नाही.

"घ्या की अक्का. गाळा तुमचाच हाय."

"ऱ्हाऊ द्या. त्या किल्लीसंगं तुमच्या हर शब्दाला व्हय म्हणून मुंडी हलवायचा भार बी येतो. त्यो मला झेपत न्हाई."

तात्पर्य: झेपेल तेवढाच भार घ्यावा, आणि न झेपणाऱ्याला नाही म्हणताना समोरच्याची खुर्ची बघू नये.