चार दिवसांचे विरजण

फार पूर्वी, दूरच्या एका ताऱ्यापाशी वसलेल्या गावातले शेवटचे विरजण नासले आणि दही संपले. गावाचे अंतराळयान दुधाच्या मडकीला म्हणाले, "ताई, शेजारच्या ताऱ्यावरून विरजण आणतो. जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावले की काळ मंदावतो. चार दिवसांत आलोच!"

"मंदावतो, पण कुणाचा?" मडकीने विचारले. यान निघूनही गेले होते.

आपल्या घड्याळाच्या चौथ्या दिवशी यान ताजे विरजण घेऊन उतरले. दारात वेगळीच मडकी होती.

"तुमची ताई माझी पणजी. वाट पाहतच फुटली. ऐंशी वर्षे झाली. दही म्हणजे काय हो?"

यान ओशाळले. "दूध कोमट कर. हे विरजण घाल. आठ तासांत दही लागेल."

"कुणाच्या घड्याळाने?"

"तुझ्या," म्हणत यानाने इंजिन बंद केले.