गढूळ डोह आणि मधलं मडकं

पाहुणे मंडळी, समोर पाहा. वर नदी नितळ आहे, खालीही नितळ आहे. मधला हा डोह तेवढा लाल, गढूळ. भर उन्हाळ्यातही तो निवळत नाही. गाळ काढून पाहिला, फरक पडला नाही. खापरगावात याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही ते असं सांगतो.

फार पूर्वी इथल्या कुंभारांची माल नेण्याची रीत निराळी होती. कुणी बैलावर नेतं, कुणी डोक्यावर, कुणी नावेतून. कुंभार मालावरच माल न्यायचे. भाजलेली मडकी पाण्यावर पालथी घालून बांबूच्या चौकटीत घट्ट बांधायची, त्यावर फळ्या टाकायच्या, की सांगड तयार. वर मिरची, चिंच, कापूस लादायचा आणि धारेला लागायचं. खालच्या बाजारात पोचलं की वरचा माल विकायचा, मग सांगड सोडून मडकी विकायची आणि शेवटी बांबूही विकून पायी घरी यायचं. सांगडीला नाव लागत नाही, नावाडी लागत नाही.

हेच हैबती नावाड्याला खुपलं. या काठच्या नावा त्याच्या होत्या. माल हळूहळू त्याच्या नावेवरून सटवा कुंभाराच्या सांगडीवर जाऊ लागला. सटवाच्या मडक्याला लोक नावाजत. तेव्हा हैबतीने डोहाच्या तोंडाशी पाण्याखाली बाभळीचे खुंट ठोकले, म्हणे. सटवाची सांगड त्या खुंटांवर फुटली. सटवा वर आला नाही.

त्याची बायको कोंडाई. पाणी उतरल्यावर तिने स्वतः डोहात उतरून खुंट चाचपले. नावेला लावतात ते डांबर त्यांच्या डोक्यांना होतं. ती पंचांपुढे गेली. हैबती तिथेच मांडी घालून बसला होता. तो म्हणाला, "पुरात लाकडं येतात, अडकतात. खुंटांचं काय घेऊन बसलात? सटवाची मडकी कच्ची होती. पाण्यात विरली."

पंच हसले. कोंडाई हसली नाही, रडलीही नाही. नवरा गेला तो गेलाच, वर त्याच्या हाताला बट्टा लागला. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक तिच्या दारातलं मडकं उचलून उन्हात धरायचं आणि परत ठेवायचं. ती घरी आली, थंड पडलेल्या भट्टीपुढे बसली आणि जावेला, गजराला म्हणाली, "कच्चं मडकं कसं असतं, ते मी त्याला दाखवीन." नंतर हा विषय तिने कधी काढला नाही. चाक चालू ठेवलं, भट्टी लावली, सांगडी बांधल्या. हैबती वाटेत भेटला तर पदर सारखा करून बाजूला होई. गावाला वाटलं, बाई निवली.

नदीपल्याड, डोहाच्या खालच्या अंगाला जाखाईचं ठाणं आहे. नवरात्रात तिच्या जत्रेला पहिला गूळ हैबतीच्या घरचा. तो घरच्या कर्त्या पुरुषानेच न्यायचा, आणि पाण्यावरून नेताना ढेप दोराने आपल्या कमरेला बांधायची, अशी रीत. गूळ आणि माणूस एकदमच पोचायचे. सांजेच्या आरतीआधी गूळ पोचला नाही तर मान दुसऱ्या घराण्याकडे जायचा.

अशीच वर्षं गेली. मग एका भादव्यात पूर आला आणि हैबतीच्या नावा घेऊन गेला. जत्रा तोंडावर. काठावर लाकूड नाही, सुतार मोकळा नाही. कुंभारआळीत कधी पाय न टाकलेला हैबती कोंडाईच्या दारात उभा राहिला.

"सांगड बांधून दे. जाखाईचा गूळ न्यायचाय."

कोंडाईने हातातलं काम थांबवलं नाही. "आमची मडकी कच्ची असतात, हैबतीबाबा."

आळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हैबतीने ते गिळलं. तिला आपल्याला चारचौघांत हे ऐकवायचं होतं, ते ऐकवून झालं, बाईचा सूड फिटला, असं त्याने धरलं. म्हणाला, "मागचं उकरू नको. भाजलेली दे."

"देते," ती म्हणाली.

जत्रेच्या दिवशी दुपारी सांगड काठाला लागली. हैबती काही खुळा नव्हता. ढेप कमरेला बांधायच्या आधी त्याने कडेची मडकी बोटाने वाजवून पाहिली. खणखणीत बोलली. मधल्या मडक्यांवर फळ्या होत्या, तिथवर हात पोचत नव्हता. तरी त्याचं मन मानेना. "तूही चल," तो म्हणाला. "पुढं बस. तू बसलीस तर मी बसतो."

कोंडाईला हे आधीच ठाऊक होतं. तिने कमरेला खोचलेली थापी काढली आणि गजराच्या हातात दिली. "सांभाळ ही," एवढंच म्हणाली. मडकं घडवायची थापी कुंभारीण उसनीही देत नाही. गजरा काय ते समजली. तिने थापी घेतली आणि आपल्या कमरेला खोचली.

सांगड धारेला लागली. कडेला भाजलेली मडकी आणि मध्ये सगळी कच्ची. वरून गेरू फासलेला, आणि लगेच विरू नयेत म्हणून तेलाचा हात फिरवलेला. डोहाच्या तोंडाशी येईपर्यंत तेवढं तेल पुरलं. मग सांगडीभोवती पाणी लाल होऊ लागलं.

हैबतीने विचारलं, "पाणी लाल कशानं झालं?"

कोंडाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "माझ्या मालकाची मडकी पक्की होती. कच्ची ही अशी असतात."

तो कमरेची गाठ सोडायला गेला. दोर भिजून आवळला होता. पट्टीचा पोहणारा, पण ढेपेने त्याला तळाशी नेलं, त्याच्याच खुंटांमध्ये. कोंडाई जागची हलली नाही, सांगडीबरोबरच बुडाली, असं काठावरून पाहणाऱ्यांनी सांगितलं. तिला पोहता येत नव्हतं असं नाही. ती कुंभाराची लेक होती, सांगडीवर वाढलेली. कडेची मडकी तेवढी तरंगत काठाला आली, एकही फुटलं नव्हतं. गजराने ती गोळा केली आणि पंचांच्या दारात एकेक वाजवून दाखवली. त्या दिवशी पंच हसले नाहीत.

कुणी म्हणतात, बाईने पाप केलं. आमच्या गावात तसं कुणी म्हणत नाही.

आजही खापरगावात मडकं घेताना वरचं, कडेचं कुणी घेत नाही. कुंभारीण स्वतः राशीत हात घालून मधलं काढते आणि वाजवून देते. आणि आजही हैबतीच्या घराण्यातला कर्ता पुरुष नवरात्रात या काठाला येतो, गुळाचा खडा डोहात सोडतो आणि पाणी निवळायची वाट पाहत उभा राहतो. सांज झाली की परत जातो.

पाणी अजून लालच आहे.